जी ऐकेल ती

नाऊ गेली त्याला अठ्ठ्याण्णव दिवस झाले होते. शंभराव्या दिवशी काळे कपडे उतरवायचे, चर्चच्या सगळ्या मंडळीने एकत्र जेवायचं आणि आता शोक संपला असं मोठ्याने म्हणायचं, अशी त्या बेटावरच्या रेवा नदीच्या काठची रीत. त्यासाठी उलामिला ब्रिस्बेनहून आली. गिलादचं घर नावाच्या अनाथाश्रमाच्या पायरीवर तिने बॅग टेकवली न टेकवली तोच मोमो एलिकींनी तिला सांगून टाकलं, की नाऊने विणायला घेतलेली चटई अर्धीच राहिली आहे.

"अर्धी म्हणजे अगदी अर्धी नव्हे," ते म्हणाले. "हातभर राहिलीय. पण राहिलीय ना."

मोमो म्हणजे मामा. एलिकी तसे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. चाळीस वर्षं ते या घराची बाग बघत होते, मुलांना शाळेत पोचवणारी गाडी चालवत होते, आणि तेवढ्या वर्षांत जितकी मुलं इथे वाढली तितक्यांचे मामा होऊन बसले होते. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. उजव्याने हवं तेवढंच येतं, असं नाऊ म्हणायची.

नाऊ जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनीच तिला विचारलं होतं, ही चटई आता पुरी कोण करणार. त्यावर ती स्वच्छ म्हणाली होती, "उलामिला करील." मग तिने लिंबाच्या पानांचा चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत तिला झोप लागली.

"कोणती उलामिला, मोमो?"

"ते मी नाही विचारलं." म्हाताऱ्याने टोपी काढली आणि परत घातली. "आणि विचारून काय मिळालं असतं? ती काय म्हणाली असती ते तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. तिने बॅग उचलली आणि ती आत गेली.

गिलादच्या घरात उलामिला दोघी होत्या. एक ही, नाऊची पोटची मुलगी. दुसरी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. त्या वर्षीच्या वादळानंतर दवाखान्यातल्या नर्सबाई नारळाच्या झावळ्यांच्या टोपलीतून एक तान्ही मुलगी घेऊन आल्या. आईबापांचा पत्ता नव्हता, गावाचाही नव्हता. बाप्तिस्म्याच्या रविवारी पाळकसाहेबांनी नाव विचारलं तेव्हा नाऊने एक क्षणही न थांबता सांगितलं, "उलामिला." पहिल्या बाकावर बसलेली सहा वर्षांची उलामिला उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ते माझं आहे." सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबही हसले. घरी येताना नाऊने तिचा हात धरला होता, पण समजूत मात्र घातली नाही. "नाव म्हणजे काय बिस्किट आहे," ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्याला दिलं की आपलं संपायला?"

एकाच नावाची दोन माणसं तिथे एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. दोघंही एकमेकांना 'यादा' म्हणतात. यादाचं नातं पाठच्या बहिणीइतकं मानतात. थोरल्या यादाने धाकटीला कपडे करावेत, तिच्या लग्नात पुढे उभं राहावं, तिच्यासाठी भांडावं. उलामिलाने यातलं काहीच केलं नाही. ती तिला यादा म्हणायला मात्र लागली, कारण आपलं स्वतःचं नाव दुसऱ्या कुणाला उद्देशून तोंडातून काढणं तिच्या जिवावर यायचं.

आणि मग ती हाक. दिवसातून दहा वेळा नाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडायची, "उलामिला!" बत्तीस मुलांसाठी कसाव्याचे कंद सोलायचे असत, कुणाच्या डोक्यात उवा झालेल्या असत, कुणी तापाने फणफणलेलं असे, आणि तिला कुणीतरी हवं असे. थोरली उलामिला एकदा चिडून दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "कोणती उलामिला ते नीट सांगत जा ना." नाऊने वळूनही पाहिलं नाही.

"जी ऐकेल ती."

त्या दिवसापासून उलामिला न ऐकायला शिकली. कोठारात पिठाच्या पोत्यांमागे जागा होती. परदेशातून खोक्यांतून येणारी पुस्तकं तिथेच टाकलेली असत, एखाद्याला पहिली पानं नसत, एखाद्याला शेवटची. ती तिथे बसून वाचायची. हाक स्पष्ट ऐकू यायची. मग ती पुस्तकावर बोट ठेवून थांबायची, आणि थोड्याच वेळात व्हरांड्याच्या फळ्यांवरून छोटी अनवाणी पावलं धावत गेल्याचा पट्‌पट् आवाज यायचा. तो आला की ती पान उलटायची.

नाऊ या घरात आली ती स्वयंपाकाला. नवरा नदीवरच्या होडीवर कामाला होता. पुरात होडी गेली आणि तोही गेला. पदरी तीन वर्षांची मुलगी. सहा महिन्यांनी मुलं सांभाळणारी आधीची आई आजारी पडून गावी गेली, आणि मंडळीच्या लोकांनी नाऊला म्हटलं, दुसरी मिळेपर्यंत तू बघ. दुसरी कधी मिळाली नाही. मुलं तिला नाऊ म्हणायला लागली, म्हणजे आई. तिचं खरं नाव सेरुवाइया. ते तिच्या कबरीवरच्या क्रुसावर लिहिलं तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं. तेहतिसावी तिची स्वतःची मुलगी. तीही रांगेत झोपायची, दारापासून तिसऱ्या जागी. तिचा फ्रॉकही त्याच खोक्यांतून यायचा, आणि रात्रीच्या प्रार्थनेत तिचं नाव इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने तिसाव्या नंबरला यायचं.

पण नाऊचं एक काम होतं, जे उलामिलाला आजही ब्रिस्बेनच्या ग्रंथालयात कुणी अनोळखी मूल एकटं उभं दिसलं की आठवतं. घराच्या मागे केवड्याच्या जातीची झुडपं होती. चटयांसाठी त्यांची पानं कापायची, काटे काढायचे, उकळायची, उन्हात वाळवायची. वाळली की ती कडक आणि वाकडी होतात. मग नदीतल्या शिंपल्याच्या कडेने एकेक पात दाबून ओढायची, पुन्हा पुन्हा, चामड्यासारखी मऊ होईपर्यंत. घरात नवीन मूल आलं की नाऊ त्याला काही विचारायची नाही. समाजकल्याण खात्याच्या बाई फाईल पुढे करायच्या, ती फाईल कपाटावर ठेवून द्यायची. मुलाला आंघोळ घालायची, जेवू घालायची, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक शिंपला काढून त्याच्या हातात द्यायची. मग दोघं व्हरांड्यात बसून पाती ओढायची. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडाभर. नाऊ मध्येमध्ये एखादं गीत गुणगुणायची, नाहीतर मोमोंच्या बागेची चेष्टा करायची. आणि कधीतरी, हातातल्या पातीकडे बघत, मूल बोलायला लागायचं. मारायचे. उपाशी ठेवायचे. आई परत येते म्हणाली होती. नाऊ हात थांबवायची नाही. "हं," म्हणायची, आणि पुढची पात घ्यायची.

घरातल्या सगळ्या चटया त्या पातींच्या होत्या. मुलं त्यांच्यावरच जेवायची, त्यांच्यावरच गुडघे टेकायची.

उलामिला नऊ वर्षांची असताना तिने शिंपला मागितला होता. नाऊ हसली होती. "तुला कशाला? तुझं मला ठाऊक नाही असं आहे काय?"

पुष्कळ होतं. पण ते सांगायला आधी शिंपला मिळायला हवा होता.

विणणं तिला शिकवायचा मात्र नाऊने प्रयत्न केला, आणि तिथेच दोघींचं बिनसलं. उलामिला डावखुरी. तिच्या हाताखालची वीण उलट दिशेने तिरकी जायची, आणि मोठ्या चटईवर चार बायका शेजारी शेजारी बसून विणतात तेव्हा एकीची वीण उलटी असून चालत नाही. नाऊ न रागावता तिच्या डाव्या हातातली पात काढून उजव्या हातात द्यायची. पुन्हा. पुन्हा. एका दुपारी तर उलामिलाने मोजलं होतं, सत्तेचाळीस वेळा. बाराव्या वर्षी तिने पात खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. यादा सहा वर्षांची होती. ती सरकून तिच्या जागी बसली.

आता ती यादा बेचाळीस वर्षांची होती, आणि गिलादच्या घरातली मुलं तिलाच नाऊ म्हणायला लागली होती. दुपारचं जेवण उरकलं, लहानगी झोपली, तेव्हा तिने नाऊच्या पलंगाखालून चटईची गुंडाळी ओढली.

"मोमोंनी सांगितलं असेल," ती म्हणाली.

"पायरीवरच."

"त्यांच्या पोटात काही राहत नाही. फक्त कसावा राहतो." तिने गुंडाळी सोडायला घेतली. "परवा लोक येतील. नाऊचा फोटो हिच्यावर ठेवायचा असं मंडळीच्या बायका म्हणतायत. मी म्हटलं, पुरी झाली तर ठेवू. कशी पुरी होणार ते मला काही सांगता आलं नाही."

"तू का नाही केलीस?"

"बसले होते एकदा. दोन ओळी घातल्या आणि उसवल्या. ही पात मोडलीय बघ, ती माझ्यामुळे." मग ती मांडी घालून बसली. "आणि मला म्हणाली की तुला, ते कुठे ठाऊक आहे."

उलामिलाने चटईचं दुसरं टोक धरलं. विमानात, टॅक्सीत, पायरीवरून या खोलीपर्यंत येताना तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे खरं तर आत्ता तिच्या लक्षात येत होतं. म्हणजे चटईचं तिला आजच कळलं. पण विचार तोच होता, शंभर दिवस. नाऊने शेवटचं कुणाचं नाव घेतलं. नाव कोणतं ते आज पायरीवर कळलं होतं. ते घेताना तिच्या डोळ्यांपुढे कोण होतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने असल्या गोष्टीसाठी जीव टांगून ठेवावा याची तिला लाज वाटत होती, तरी तो टांगलेलाच होता.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"अकरा महिने मी तिला उचलून न्हाऊ घातलं," यादा म्हणाली. बाजारात मासळीचा भाव सांगावा तशी सरळ. "घास भरवला. मला वाटणारच की मलाच म्हणाली. तुला?"

"मी तर इथे नव्हतेच."

"हे उत्तर झालं का? तू पहिल्यापासून अशीच. विचारावं काय, सांगतेस काय."

चटई पूर्ण उलगडली होती. मोठी नव्हती, पाचसहा मुलं बसतील एवढी. एका टोकाकडून वीण घट्ट, सारखी, नाऊची म्हणून अंधारातही हाताला ओळखू यावी अशी. ती साधारण निम्म्यापर्यंत गेली होती. मग एक ओळ वेडीवाकडी, तिच्या पुढची त्याहून वेडी, पाती सैल, एका ठिकाणी चक्क भोक. हळूहळू ती परत सावरत गेली होती. शेवटचा वीतभर भाग बऱ्यापैकी नीट होता. पुढे नुसत्या मोकळ्या पाती पसरल्या होत्या, न विंचरलेल्या केसांसारख्या.

उलामिला त्या वीतभर भागाकडे बघत राहिली. काहीतरी चुकत होतं, आणि काय ते कळायच्या आत तिचा हात तिथे गेला.

"हे कुणी विणलं?"

"नाऊने. दुसरं कोण विणणार?"

"पण हे उलटं आहे, यादा. तिरपं बघ कुठे जातंय. हे माझ्यासारखं आहे."

यादाने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. हिला हे ठाऊक नाही, असं तिला कधी वाटलंच नसावं. "अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली नव्हती का? उजवा हात ती वर दगडासारखा ठेवायची, पाती दाबून धरायला. विणायची डाव्याने. पहिले दोन महिने रोज घालायची आणि रोज उसवायची. मी म्हटलं, नाऊ, राहू दे, मी करते. तर माझ्या हातावर चापट मारली. डाव्या हाताने. जोरात लागली."

बाहेर कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

उलामिलाला रविवारचा फोन आठवला. दर रविवारी उपासनेनंतर ती फोन करायची. झटक्यानंतर नाऊचे शब्द जड झाले होते, काही समजायचे, काही नाही. मे महिना असावा. नाऊ नव्याने आलेल्या दोन भावंडांबद्दल सांगत होती, आणि मध्येच म्हणाली, "मी आता तुझ्यासारखी झालेय." उलामिला हसली होती. तिला वाटलं, म्हातारी हट्टी झालीय, औषधं घेत नाही, त्याबद्दल बोलतेय. "म्हणजे कुणाचं ऐकत नाहीस, असं ना?" तिने विचारलं होतं. मग नाऊ म्हणाली, "तसंही," आणि परत त्या भावंडांकडे वळली, धाकट्याला अजून शिंपला धरता येत नव्हता.

तसंही.

तिने तळवा त्या उलट्या विणीवर टेकवला आणि तसाच ठेवला. यादा उठली. पाती ओल्या कराव्या लागतील, असं काहीतरी म्हणत ती पाणी आणायला गेली. पाणी आणायला लागतो त्याच्या चौपट वेळ तिने लावला.

परत आली तेव्हा तिच्या हातात बादली होती आणि काखेत बिस्किटांचा डबा. "म्हणजे तुझी," ती म्हणाली.

"मला विणता येत नाही. बाराव्या वर्षी सोडलं मी."

"हात तुझाच लागणार. माझ्या हाताने ती पुढे जात नाही, मी बघितलंय. नाऊ कुणाला म्हणाली ते नाऊला ठाऊक." तिने बादली खाली ठेवली. "काठ मी मुडपीन. काठाला कुठलाही हात चालतो. आणि तू चुकलीस की सांगीन. तेवढं तर मला येतं."

दोघींनी चटई व्हरांड्यात नेली. तिसऱ्या प्रहराचं ऊन फळ्यांवर पसरलं होतं, चाफ्याची फुलं पायऱ्यांवर पडली होती आणि ती कुणी उचलत नव्हतं, कारण ती वेचायचा नियम सकाळचा. मोमो गाडी घेऊन शाळेत गेले होते. राहिलेल्या पाती कडक झाल्या होत्या, आधी त्या ओढून मऊ कराव्या लागणार होत्या. यादाने डबा उघडला. शिंपले होते, शंभर तरी असतील, कडा झिजून चाकूसारख्या पातळ झालेले. तिने स्वतःसाठी एक घेतला आणि झाकण लावायला लागली.

"मला पण दे एक," उलामिला म्हणाली.

यादाने डबाच तिच्यापुढे सरकवला. उलामिलाने निवडायला बराच वेळ लावला. शेवटी एक लहानसा घेतला, काळपट, आतून पिवळा. तिने तो डाव्या हातात धरला, पात मांडीवर ठेवली, आणि ओढली. पात कुरकुरली आणि वाकडीच राहिली. "दाब," यादा म्हणाली. तिने दाबून ओढली. मग आणखी एकदा. पाचव्या वेळी ती नरम पडली.

त्या तशा बसल्या. मुलं शाळेतून आली, दप्तरं टाकली, कसाव्याचे थंड तुकडे खाऊन बागेकडे पळाली. चार दिवसांपूर्वी आलेली एक मुलगी, सात-आठ वर्षांची, खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. यादाने न बोलता एक शिंपला तिच्या बाजूला ठेवला. ती बसली. कुणी काही विचारलं नाही. उलामिलाने पहिल्या चार पाती विणीत घातल्या, त्यातल्या दोन यादाने काढायला लावल्या. राहिलेल्या दोन नीट बसल्या. नाऊची उलटी वीण जिथे थांबली होती तिथून तिची सुरू झाली, आणि सांधा शोधावा लागला असता.

"यादा," ती पातीकडे बघत म्हणाली. "लहानपणी नाऊ हाक मारायची ना. मला ऐकू यायचं. दर वेळी."

यादाचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे."

"कसं?"

"पिठाच्या पोत्यामागून तुझे पाय दिसायचे." तिने पुढची पात घेतली. "नाऊलाही दिसायचे. मी एकदा सांगायला लागले तर म्हणाली, राहू दे, तिचं ते पुस्तक संपत आलंय."

उलामिलाने आणखी एक पात विणीत घातली. ती चुकली. तिने ती स्वतःच काढली आणि परत घातली.

सावल्या फळ्यांवरून खाली उतरल्या. प्रार्थनेचा लाकडी नगारा वाजायला अजून अवकाश होता. स्वयंपाकघराच्या दारात मोमो एलिकी आले, टोपी मागे सारली आणि नेहमीसारखं गरज नसताना ओरडले.

"उलामिला!"

यादाने शिंपला खाली ठेवून हात फळीवर टेकले, उठायला. इतक्या वर्षांची सवय. उलामिलाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस. मी ऐकलं."

ती व्हरांडा ओलांडून गेली. फळ्या तिच्या पायांखाली वाजल्या. दारात कसाव्याचं पोतं उघडं पडलं होतं आणि मोठं पातेलं रिकामं होतं.

"कोणती हवी होती, मोमो?"

त्यांनी उजवा कान तिच्याकडे वळवला, प्रश्न समजून घेतला आणि तो बाजूला टाकला. "अठ्ठावीस जणांचं सोलायचंय," ते म्हणाले आणि सुरी पुढे केली. तिने ती डाव्या हातात घेतली.